बघितलं हं!

आमच्या मोठ्या जाऊबाईंना पक्ष्यांचं वेड लागलं ते भाऊजी अंथरुणाला खिळल्यावर. त्याआधी त्यांना कावळा आणि चिमणी एवढीच ओळख होती आणि दोघांनाही त्या सारख्याच तोऱ्यात "हुश्श!" करून हाकलायच्या. हे मुद्दाम सांगते, कारण हल्ली गल्लीतली पोरं त्यांना 'चिमण्यांची मावशी' म्हणतात आणि लोकांना वाटतं, बाई जन्मापासूनच अशी हळवी. हळवी कसली! जाऊबाई म्हणजे कात्री. कापडावर चालायची तशी माणसांवरही चालायची, आणि मी धाकटी जाऊ असल्यामुळे कितीतरी वर्षं सगळ्यात आधी माझ्यावर.

आमच्या दोन घरांत एकच भिंत आणि मागचं अंगण सामाईक. त्यांच्या बाजूला मागच्या खोलीची खिडकी, माझ्या बाजूला कपडे वाळत घालायच्या तारा. जाऊबाई पुढच्या खोलीत शिवणकाम करतात. नवे कपडे थोडे, दुरुस्ती फार. कुणाच्या पँटची उंची कमी करायची, कुणाची कंबर सैल करायची, कुणाची झिप बदलायची. शाळा उघडायच्या आधी गणवेशांचे एवढे ढीग लागतात की त्यांच्यामागे बाई दिसत नाही, नुसता मशीनचा आवाज येतो.

भाऊजी घाऊक भाजीबाजारात लिलाव पुकारायचे. काय आवाज होता त्यांचा! पहाटे गोण्यांच्या थप्पीवर उभं राहून "एक वार, दोन वार" सुरू केलं की बाजाराच्या दुसऱ्या टोकाला माल उतरवणारेसुद्धा मान वर करायचे. पण हा माणूस घरी येऊनही तसाच बोलायचा. पाणी मागितलं तरी माझ्या घरातून कुणीतरी पेला घेऊन निघायचं. "अहो, मी काय टोमॅटोची पाटी आहे का? जरा हळू!" असं जाऊबाई दिवसातून कितीदा तरी म्हणायच्या. मी भिंतीपलीकडे हसायची.

मग एका सकाळी बाजारातच, ऐन लिलावात, ते गोण्यांवरून खाली कोसळले. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. रुग्णालयातून घरी आणलं तेव्हा एवढ्या मोठ्या आवाजातून दोनच शब्द शिल्लक राहिले होते: "दोन वार." चहा हवा असला तरी दोन वार, पाठ खाजली तरी दोन वार, आणि रडू आलं तरी तेच. समजायचं सगळं. डोळ्यांत दिसायचं की आत वाक्यच्या वाक्यं तयार आहेत. तोंडापर्यंत एकही पोचत नव्हतं. पहिल्या दिवशी हे बघून मी माझ्या स्वयंपाकघरात जाऊन तोंडात पदर कोंबून रडले. जाऊबाई रडल्या नाहीत. त्यांनी मागच्या खोलीतलं कपाट ढकलून बाजूला केलं आणि खिडकीसमोर खाट लावली.

व्यायाम करून घ्यायला एक बाई यायच्या, गोऱ्या, ठेंगण्या आणि भलत्याच कडक. त्या म्हणाल्या, "यांचा डावा हात चालू आहे, तो जपा. तो गेला तर यांच्याकडे काहीच राहणार नाही. काहीतरी बघायला द्या. हाताने दाखवू द्या. आणि दाखवलं की दर वेळी उत्तर द्या. उत्तर मिळालं नाही की माणूस दाखवणं सोडून देतो."

झालं. जाऊबाईंनी जुन्या मशीनचं लाकडी झाकण काढलं, उलटं केलं, चार कोपऱ्यांना सुतळी बांधून माझ्या कपड्यांच्या तारेला टांगलं आणि त्यात पावाचा चुरा आणि दाणे टाकले. मला विचारलंसुद्धा नाही. दुसऱ्याच दिवशी माझ्या पांढऱ्या चादरीवर नक्षी.

"ताई, तुमच्या पाहुण्यांना सांगा, धुतलेल्या कपड्यांवर बसू नका म्हणावं!"

"धुतलं की जातं गं. आणि तू तरी चादरी रोज कशाला धुतेस?"

मी चादरी पलीकडच्या तारेवर नेल्या.

आधी चिमण्या आल्या. मग साळुंक्या आल्या, त्या येतानाच भांडत आल्या. मग बुलबुलाची जोडी. एक होला यायचा, तो झाकणात कधी बसायचा नाही. खाली सांडलेलं तेवढं खायचा आणि अशी मान हलवत चालायचा की मी त्याचं नाव 'हेडक्लार्क' ठेवलं. एकदा साळुंकीने एका भल्यामोठ्या कावळ्याला अंगणभर पळवलं, आणि मला खिडकीतून कसलासा विचित्र आवाज ऐकू आला. धावत गेले. भाऊजी हसत होते. अर्धंच तोंड हसत होतं, पण हसत होते. जाऊबाई खाटेच्या कडेला बसल्या होत्या आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. मला बघून म्हणाल्या, "तुझ्या चादरी मी धुऊन देईन. पण झाकण काढायला सांगू नकोस."

मी काय सांगणार होते? मी दुसऱ्या दिवसापासून आमच्याकडचा शिळा पावही तिकडेच टाकायला लागले.

खाटेच्या दांडीला जाऊबाईंनी एक छोटी घंटी बांधली होती, भाऊजींच्या डाव्या हाताशी. काही दिसलं की भाऊजी घंटी हलवायचे. जाऊबाई मशीन थांबवून मागे यायच्या, भाऊजी बोट दाखवायचे, त्या त्यांच्या खांद्यावर हात ठेवून वाकून बघायच्या आणि म्हणायच्या, "बघितलं हं!" की भाऊजींचा चेहरा उजळायचा. नवीन पक्षी आला की घंटी, मांजर आलं की घंटी, मी अंगणात पाय घसरून पडले तेव्हाही घंटी. हात सुधारत होता. व्यायामाच्या बाईंनी तर एकदा टाळ्या वाजवल्या.

पण घंटी वाढली तशी कामंही वाढली. घर आता त्या मशीनवरच चालत होतं. उठा, मागे जा, बघा, या, पुन्हा बसा, तेवढ्यात पुन्हा घंटी. नाकी नऊ आले त्यांच्या. मग त्या मशीनवर बसूनच ओरडायला लागल्या, "बघितलं हं!" आधी निदान मान वळवायच्या. पुढे पुढे पायही थांबेना. मला अंगणात दिवसभर दोन्ही ऐकू यायचं: इकडून टिणटिण, तिकडून मशीनच्या खडखडाटातून "बघितलं हं!" मी चिडवायची, "ताई, तुमची नजर भलतीच तेज झाली, भिंतीतून दिसायला लागलं!" त्या म्हणायच्या, "गप बस गं, खूश असतात ना ते?" आणि खरंच होतं. भाऊजींना काय कळत नव्हतं, की ही पुढच्या खोलीतून काही बघू शकत नाही? कळत होतंच. तरी हसायचे. बायको उत्तर देतेय, एवढंच त्यांना पुरत असावं.

दोऱ्यांची कल्पना कुणाची, हे धड कुणालाच सांगता येणार नाही. शिवणकाम म्हटलं की दोऱ्यांचे तुकडे पडतातच, आणि एक चिमणी दारात येऊन ते उचलून न्यायला लागली. भाऊजींनी ते पाहिलं आणि घंटी वाजवली. जाऊबाईंना वाटलं, अरे वा, घरटं बांधतेय! त्यांनी मशीनचा जुना खण काढला, पुढच्या पट्टीला भोक पाडलं, वर फळी ठोकली आणि खिडकीसमोरच्या वळचणीला तो लावून दिला, भाऊजींना खाटेवरून नीट दिसेल असा. आणि रोज संध्याकाळी दोऱ्यांचा पुंजका तारेला अडकवून ठेवायला लागल्या. कुठला रंग आज लावायचा ते भाऊजी बोटाने दाखवायचे. गणवेशांचे दिवस होते, त्यामुळे निळा पुष्कळ असायचा. चिमणी निळा दोरा चोचीत धरून खणात शिरली की नवराबायको असे एकमेकांकडे बघायचे, जसं काही नातवाने पहिलं पाऊल टाकलंय. त्यांना मूल झालं नाही. हे मी इथे सांगितलं नसतं, पण त्या दिवसांत ते माझ्या मनात सारखं यायचं.

पिल्लं झाली. खणाच्या भोकातून पिवळ्या चोची दिसायला लागल्या. भाऊजींची घंटी दिवसभर थांबेना.

त्या दिवशी मी माहेरी गेले होते. ऊन उतरताना परत आले आणि वाळलेले कपडे काढायला अंगणात गेले. घंटी वाजत होती. एका लयीत नाही, कशीही, मधेच थांबून पुन्हा. आणि भाऊजींचा आवाज येत होता, पूर्वीचा त्यांचा तो लिलावाचा आवाज, पण फाटलेला: "दोन वार! दोन वार!" पुढच्या खोलीतून मशीनचा खडखडाट आणि त्यातून, "बघितलं हं! उडाली ना पिल्लं? बघितलं!"

मी वर बघितलं.

खणाच्या भोकातून एक पिल्लू उलटं लटकत होतं. पायाला निळा दोरा. घरट्यातल्या दोऱ्यात त्याचा पाय गुंतला असणार, पिल्लू वाढलं तसा दोरा आवळत गेला असणार, आणि उडायच्या दिवशी उडी मारली तेव्हा दोऱ्याने त्याला धरून ठेवलं. बाकीची भावंडं उडून गेली होती. चिमणी अजून येत होती, चोचीत किडा घेऊन. त्या लटकत्या तोंडाशी फडफडायची, जायची आणि पुन्हा यायची. पिल्लू केव्हाच मेलेलं होतं.

मी स्टूल घेतलं, कात्री आणली, दोरा कापला. खिडकीकडे बघायची हिंमत होत नव्हती, पण बघितलं. भाऊजींचा हात खिडकीकडे ताठ केलेला होता, सगळं अंग घामाने भिजलं होतं, दांडीवर आपटून मनगट सोललं होतं. दुपारचं जेवण झाल्यापासून ते हेच करत असणार. पिल्लू जिवंत असल्यापासून. समोर, हाताच्या अंतरावर म्हणावं इतक्या जवळ ते तडफडत होतं, आणि हा माणूस, ज्याच्या आवाजाने अख्खा बाजार थांबायचा, तो एका बाईला भिंतीपलीकडून बोलावू शकला नव्हता.

जाऊबाई आल्या त्या हातात अर्धवट शिवलेला गणवेश घेऊनच. त्यांनी माझ्या तळहातावरचं पिल्लू बघितलं. मग दोरा बघितला. मग हातातल्या गणवेशाची शिवण बघितली. भाऊजींनी हात खाली ठेवला आणि मान भिंतीकडे वळवली.

ती मान मग कितीतरी महिने खिडकीकडे वळली नाही.

जाऊबाईंनी त्याच संध्याकाळी खण उतरवला, दोरे जाळले, झाकणही काढलं. सकाळी पक्षी आले, रिकाम्या तारेवर ओळीने बसले आणि वाट बघत राहिले. मला बघवेना. मी माझ्या बाजूच्या कठड्यावर चुरा टाकला आणि हळूच आत आले. मी, जिने चादरींसाठी भांडण केलं होतं!

मग त्यांनी मशीन मागच्या खोलीत आणलं, खाटेला लागूनच, खिडकीच्या अंगाला. म्हणाल्या, "आता घंटी वाजली की हातातलं टाकून उठायचं. सुई अर्ध्यात असली तरी." पण घंटी वाजलीच नाही. भाऊजी जेवायचे, औषध घ्यायचे, कूस बदलली तर बदलू द्यायचे आणि भिंतीकडे बघत पडायचे. हात अंगाशी दुमडून घेतलेला. व्यायामाच्या बाई ओरडल्या, "अहो, हात आखडत चाललाय! हाही घालवणार आहात का?" जाऊबाईंनी झाकण पुन्हा टांगलं, दाणे टाकले, पक्षी परत आले. "अहो, बघा, बुलबुल आलाय. तो क्लार्क आलाय तुमचा." भिंतीकडचं डोकं हललं नाही.

एका दुपारी मी वाटी परत द्यायला गेले तर आतून जाऊबाईंचा आवाज येत होता. त्या खाटेजवळ जमिनीवर बसल्या होत्या.

"चिडा ना माझ्यावर. हवं तर मारा. हात आहे ना अजून? मी न बघताच म्हणत होते. रोज म्हणत होते. पाय मशीनवरून काढत नव्हते आणि तुम्हाला फसवत होते. तुम्ही हसायचात म्हणून मला वाटायचं, चालतंय. अहो, एकदा बघा तरी माझ्याकडे."

भाऊजींचे डोळे मिटलेले होते. मिटलेल्या डोळ्यांतून पाणी उशीवर चाललं होतं. ते बायकोवर चिडले होते, की रंग आपणच दाखवला म्हणून स्वतःवर, की नुसतेच थकले होते, मला कळलं नाही. जाऊबाईंनाही कळलं नाही, आणि तेच त्यांना खात होतं. मी वाटी तशीच घेऊन परत आले.

थंडी पडायला लागली तसे भाऊजी खालावत गेले. खोकला, मग ताप. डॉक्टर येऊन गेले आणि दाराबाहेर माझ्या नवऱ्याशी हळू आवाजात बोलले, तेव्हाच आम्ही काय ते समजलो.

त्यानंतरची एक दुपार. मी अंगणात चादर वाळत घालत होते. आतलं मशीन एकदम थांबलं आणि जाऊबाई जवळजवळ किंचाळल्या, "अगं! हात उचलला यांनी! मान वळवली!"

क्षणात त्या खिडकीत आल्या. चेहरा असा फुलला होता की मी तसा कितीतरी दिवसांत बघितला नव्हता. "काय आहे गं तिथे? काय दाखवतायत बघ ना! झाकणात कोण आहे?"

मी बघितलं. झाकणात कुणी नव्हतं. तारेवर कुणी नव्हतं. वळचणीला काही नव्हतं. माझ्या ओल्या चादरीखेरीज अंगणात हलणारं काही नव्हतं.

"काही नाही ताई!"

"असं कसं? ते दाखवतायत ना! नीट बघ!" त्या गजांना चिकटून इकडे बघ, तिकडे बघ करत होत्या. छतावर बघितलं, झाडात बघितलं. त्यांच्या खांद्यावरून मला मागे भाऊजींचा हात दिसत होता, काठीसारखा वाळलेला, थरथरत उचललेला. जाऊबाई बाजूला सरकल्या, त्यांना नीट दिसावं म्हणून. हातही थरथरत बाजूला सरकला. मला वाटलं, बिचाऱ्यांना धरवत नाहीये.

"बघितलं हं," शेवटी जाऊबाई बाहेर बघतच म्हणाल्या, आणि लगेच त्यांचा आवाज फाटला. "नाही हो. नाही बघितलं. दिसत नाहीये मला. पण मी शोधते, थांबा."

त्या मागे वळेपर्यंत हात खाली आला होता. परत तो उचलला गेला नाही. दोन दिवसांनी भाऊजी गेले.

पुढे सगळं झालं, माणसं आली, गेली, घर शांत झालं, आणि मग सुरू झाला जाऊबाईंचा शोध. "काय असेल गं तिथे?" चहा पिताना हेच, कपड्यांच्या घड्या घालताना हेच. "नवीन पक्षी असेल का? तू हललीस म्हणून उडाला असेल. की मेल्या पिल्लाची चिमणी आली होती? तीच आली असणार." झाकणात दाणे ठेवायच्या आणि तासन्‌तास खिडकीत उभ्या राहायच्या. मी म्हटलं, ताई, तापात माणसाला काहीही दिसतं. त्या दिवसभर माझ्याशी बोलल्या नाहीत. एकदा मी त्यांना तो सरकलेला हातही सांगितला. त्या म्हणाल्या, "म्हणजे तो पक्षी उडाला असेल त्या बाजूला." माझ्याही डोक्यात त्यापलीकडे काही आलं नाही.

परवा मी गेले तर त्या भाऊजींच्या खाटेवर, त्यांच्याच उशीवर डोकं ठेवून पडल्या होत्या. मी घाबरले.

"बरं नाहीये का?"

"बरी आहे. तू एक कर. खिडकीत उभी राहा, मी उभी होते तशी. गजांना धरून, बाहेर बघत. मला बघू दे, इथून काय काय दिसतं."

माझ्या जिभेवर काहीतरी तिखट आलं होतं, पण गिळलं. जाऊन उभी राहिले. बाहेर झाकणात साळुंक्या भांडत होत्या.

"दिसतायत का साळुंक्या?" मी विचारलं.

"नाही. थोडी बाजूला सरक."

मी सरकले.

"आता?"

मी मागे वळून बघितलं. जाऊबाईंनी डावा हात उचलून धरला होता, भाऊजी धरायचे तसाच, आणि त्यांचं बोट सरळ माझ्यावर होतं.

"खिडकी लहान आहे गं," त्या म्हणाल्या. "आपण उभं राहिलं की भरून जाते. इथून अंगण दिसतच नाही. तूच दिसतेस फक्त."

मला कळलं, आणि मला कळलंय हे त्यांनाही कळलं. त्यांचा हात तसाच वर राहिला होता, खाली घ्यायचं भान नव्हतं. मी जाऊन तो धरला. गार पडला होता.

"इतक्या महिन्यांनी मान वळवली त्यांनी," जाऊबाई म्हणाल्या, "आणि मी त्यांच्याकडे पाठ करून उभी होते."